सागरी संग्रहालयातील लोकशिक्षणाची भाषा : एक परीक्षण

१

समुद्रकिनारा, खाडी, तेथील वनस्पती व प्राणी आणि त्यांच्या आधाराने जगणारा माणूस यांचे ज्ञान सामान्य नागरिकास करून देण्याचे कार्य आज महाराष्ट्रात केवळ पाठ्यपुस्तकावर सोपविलेले नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. राज्याच्या वन विभागाने २०१२ साली कांदळवन कक्षाची स्थापना केली आणि २०१७ साली ऐरोली येथे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र उघडले. ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले व २०२२ साली त्यास रामसार क्षेत्राचा दर्जा मिळाला. पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर दिले जावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला होता. संग्रहालये, मत्स्यालये व निसर्गकेंद्रे यांच्याकडून होणारे किनाऱ्याचे लोकशिक्षण हा आता एक स्वतंत्र व्यवहार झाला असून त्याची स्वतःची भाषाही घडत चालली आहे.

या व्यवहाराचे परीक्षण बहुधा जीवशास्त्राच्या अथवा प्रशासनाच्या दृष्टीने होते. माहिती अचूक आहे काय, प्रेक्षक किती आले, रोपे किती लावली, असे प्रश्न विचारले जातात. प्रेक्षकापुढे ठेवलेले मराठी वाक्य त्यास कळते काय, आणि कळत नसल्यास दोष कोणाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत टिपणात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

त्यास निमित्त एका सहलीचे घडले. परभणी जिल्ह्यातील पेडगाव व त्याच्या आसपासच्या गावांतून आलेले काही पदव्युत्तर विद्यार्थी घेऊन प्रस्तुत लेखक गेल्या हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर गेला होता. तेथील एका सागरी संग्रहालयात व त्यास जोडलेल्या खाडीकाठच्या निसर्गवाटेवर आम्ही एक दिवस काढला. संग्रहालयाचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. जे दोष पुढे दाखविले आहेत ते एका संस्थेचे नसून एका लेखनपद्धतीचे आहेत. पेडगाव म्हणजे मनमाड-परभणी लोहमार्गावरील पेडगाव; भीमेकाठचे, बहादुरगडाचे पेडगाव नव्हे. वेड पांघरून ज्या पेडगावास जातात ते यांपैकी कोणते, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. आमचे विद्यार्थी तेथून निघाले ते वेड न पांघरता, आणि रेल्वेने पाचशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून समुद्र पाहावयास आले होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची समुद्राशी ही पहिलीच भेट होती.

२

प्रवेशद्वाराशीच एक फळा होता. त्यावर 'आजची भरती' असे लिहून खाली दोन वेळा दिल्या होत्या. पेडगावच्या एका विद्यार्थ्याने तो वाचला आणि गंभीरपणे विचारले, "सर, कशाची भरती?" बाकीचे हसले, पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या मनात तोच प्रश्न होता. मराठवाड्यातील तरुणाच्या कानी 'भरती' हा शब्द येतो तो पोलीस भरतीच्या, शिक्षक भरतीच्या बातमीतून. त्या शब्दाशी त्याची वर्षानुवर्षांची आशा-निराशा निगडित आहे. अशा वाचकाच्या मनात शब्दाचा दुसरा अर्थ जागा करावयाचा तर एक वाक्य अधिक लिहावे लागते: समुद्राचे पाणी खाडीत भरते ती भरती. नोकरभरती आणि पाण्याची भरती या दोहोंच्या मुळाशी 'भरणे' हेच क्रियापद आहे. हा संबंध दाखविला असता तर विनोद झाला नसता, आणि शब्द कायमचा लक्षात राहिला असता.

हीच गोष्ट 'ओहोटी' व 'उधाण' या शब्दांची. लोकप्रियतेला ओहोटी लागते, आनंदाला उधाण येते, हे प्रयोग परभणीच्या वर्तमानपत्रात रोज छापून येतात. आमच्या विद्यार्थ्यांना रूपक ठाऊक होते, वस्तू अपरिचित होती. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही स्थिती मोठी लक्षणीय आहे. समुद्र कधी न पाहिलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात समुद्र आधीच येऊन बसलेला आहे. किनाऱ्यावरील बोलीने घडविलेले शब्द घाट चढून आले, लाक्षणिक अर्थाने रुळले, आणि मूळ अर्थ मागे किनाऱ्यावर राहिला. संग्रहालयास नवा शब्द शिकवावयाचा नाही. वाचकाजवळ असलेल्या शब्दास त्याची वस्तू दाखवावयाची आहे. यापेक्षा सुलभ शिक्षणकार्य क्वचितच कोणाच्या वाट्यास येत असेल.

प्रत्यक्षात मात्र तेथील फलकांनी निराळा मार्ग धरला होता. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यास 'आंतरभरती क्षेत्र' म्हटले होते. खाडीतील चिखलास 'पंकमय अधःस्तर' असे नाव होते. आणि तिवराच्या मुळांखाली 'वायुविनिमयासाठी अनुकूलित संरचना' असे लिहिले होते. हे शब्द चुकीचे नाहीत. पण ते कोळ्याचे नाहीत, खारातल्या शेतकऱ्याचे नाहीत, आणि पेडगावच्या वाचकाचेही नाहीत. ते इंग्रजी फलकाचे मराठी प्रतिबिंब आहेत. इंग्रजी ज्यास येते तो इंग्रजी फलक वाचतो व ज्यास येत नाही त्यास हा मराठी फलक उमगत नाही. मग त्याचा वाचक कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो.

अमेरिकेतील फ्रीमन टिल्डन याने राष्ट्रीय उद्यानांतील लोकशिक्षणासंबंधी १९५७ साली जो ग्रंथ लिहिला, त्यातील पहिले तत्त्व असे की दाखविलेल्या वस्तूचा संबंध प्रेक्षकाच्या स्वतःच्या अनुभवाशी जोडला नाही तर सारे निरूपण वांझ ठरते. हे तत्त्व आज जगभरच्या संग्रहालयशास्त्रात प्रमाण मानले जाते. आपल्याकडे ते चित्रांच्या मांडणीत व काचपेट्यांच्या रचनेत स्वीकारले गेले. वाक्याच्या रचनेत अद्याप उतरलेले नाही.

३

त्याच मुळांपाशी घडलेला प्रसंग येथे सांगणे अवश्य वाटते. ओहोटीच्या वेळी चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी शेकडो टोके पाहून एक विद्यार्थिनी थांबली. फलक तिने वाचला होता. त्यातून तिला काही बोध झाला नव्हता. तेव्हा तिला इतकेच सांगितले की हा चिखल सदैव पाण्याने भरलेला असतो, त्यात हवा शिरत नाही. ती लगेच म्हणाली, "म्हणजे इथं वापसाच येत नाही." आणि पुढचे तिने स्वतःच जुळविले: वापसा नसलेल्या रानात कापसाची मुळे गुदमरतात, पीक पिवळे पडते, येथे या झाडाने मुळेच वर काढून श्वास घेतला आहे.

काळ्या भारी जमिनीत वाढलेल्या मुलीस 'वापसा' आणि 'चिबड' हे शब्द घरचे आहेत. कालव्याच्या पाण्याने बिघडलेली 'चोपण' जमीनही तिने पाहिलेली असते. जायकवाडीचा डावा कालवा तिच्या जिल्ह्यातूनच जातो. ज्या जमिनीत मीठ वर येते तेथे पीक जळते, हे तिच्या घरचे ज्ञान आहे. खाऱ्या चिखलात घनदाट वाढणारे झाड हे म्हणूनच तिच्यासाठी खरे आश्चर्य आहे. समुद्राकाठी वाढलेल्या मुलास त्याचे तितके आश्चर्य वाटणार नाही. देशावरचा प्रेक्षक अज्ञानी असतो, हे गृहीत धरून फलक लिहिणे म्हणजे या ज्ञानाकडे पाठ फिरविणे होय.

कालगणनेच्या बाबतीतही असेच आढळते. फळ्यावर भरतीच्या वेळा तास-मिनिटांत दिल्या होत्या. त्या कशावरून काढल्या, उद्या त्या का बदलतील, याचा उल्लेख नव्हता. किनाऱ्यावरील मच्छीमार ही वेळ तिथीवरून सांगतो. मुंबईच्या परिसरात तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते: चतुर्थीस सुमारे तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. हिशेब ढोबळ आहे. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, आणि पाऊण तास ही त्या पन्नास मिनिटांची सोयीची संख्या होय. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती.

परभणीच्या विद्यार्थ्यास तिथी शिकवाव्या लागत नाहीत. श्रावण अमावास्येस त्याच्या घरी पोळा असतो. त्या दिवसांत, बैलांच्या शिंगांना रंग लागत असताना, कोकणात समुद्राला उधाण असते. राखीची पौर्णिमा ही त्याच्यासाठी बहीण-भावाचा सण आहे. किनाऱ्यावर ती नारळी पौर्णिमा आहे. एकाच पंचांगाची ही दोन पाने आहेत. ती शेजारी ठेवून दाखविणारा एक फलक कोणत्याही काचपेटीपेक्षा अधिक शिकवील, असे आमचे मत आहे.

४

आता या व्यवहारातील मध्यवर्ती शब्दाकडे वळू. इंग्रजीत ज्यास मॅन्ग्रोव्ह म्हणतात, त्यासाठी आज शासकीय मराठीत 'कांदळवन' हा शब्द रूढ आहे. याखेरीज 'खारफुटी' हा शब्द वृत्तपत्रांत व बोलण्यात चालतो, 'तिवर' हा मुंबई-ठाण्याकडे सर्रास ऐकू येतो, आणि पारिभाषिक लेखनात 'कच्छ वनश्री' असाही शब्द योजिला गेला आहे. हे चार शब्द म्हणजे चार दृष्टी होत. 'खारफुटी' ही भूमीकडून केलेली व्याख्या आहे, 'तिवर' व 'कांदळ' ही झाडांची नावे आहेत, आणि 'कच्छ वनश्री' हा ग्रंथातून आलेला शब्द आहे.

शासनाने 'कांदळवन' निवडला, ही निवड सर्वस्वी अनुचित नव्हे. शब्द देशी आहे, उच्चारास सुलभ आहे, आणि 'वन' या पदामुळे त्यास कायद्याचे बळ सूचित होते. परंतु कांदळ हे एका विशिष्ट झाडाचे नाव आहे: कमानीसारखी आधारमुळे असलेले, ज्याचे बीज झाडावर असतानाच रुजते ते झाड. मुंबई व ठाणे खाडीच्या काठी जो प्रेक्षक 'कांदळवन' पाहावयास येतो, त्याच्या पुढे बहुतांशी असते ते तिवर. शब्द एक झाड सांगतो व डोळ्यांना दुसरेच दिसते. त्यात भर म्हणजे २०२० साली राज्याने आपला 'कांदळवन वृक्ष' म्हणून निवडला तो कांदळही नव्हे, तिवरही नव्हे, पांढरी चिपी. नामकरणात हे घडणारच. अवयवाचे नाव अवयवीस लागणे हा भाषेचा नित्याचा व्यापार आहे. तेलुगूतही या वनास 'मड अडवुलु' म्हणतात, व 'मड' हे तेथील तिवरवर्गीय झाडांचे नाव आहे. खुद्द इंग्रजी शब्दाची कथाही सरळ नाही. मूळ पोर्तुगीज-स्पॅनिश शब्दास 'ग्रोव्ह' या इंग्रजी शब्दाचे कलम होऊन तो बनला, असे कोशकार सांगतात.

तेव्हा आक्षेप शब्दाच्या निवडीस नाही. तो शब्द स्वीकारल्यावर बाकीचे शब्द फलकांवरून नाहीसे झाले, यास आहे. तिवर, कांदळ, चिपी, काजळा, मारांडी ही नावे ज्यांनी ठेविली ते लोक अद्याप त्या खाडीकाठी राहतात. संग्रहालयातील फलकावर मात्र लॅटिन नाव, इंग्रजी नाव आणि त्याचा अनुवाद एवढेच होते. झाडाखाली त्याचे मराठी नाव न लिहिता त्याच्या मुळांचे संस्कृत वर्णन लिहिणे, यास लोकशिक्षण म्हणता येणार नाही.

५

यात केवळ शब्दांच्या हौसेचा प्रश्न असता, तर हे टिपण लिहिण्याचे कारण नव्हते. शब्दाबरोबर एक हितसंबंध नाहीसा होतो, हे येथे दाखवावयाचे आहे. 'खाजण' आणि 'खार' हे दोन शब्द घेऊ. भरतीचे पाणी जेथे पसरते ती खाडीकाठची सखल जमीन म्हणजे खाजण. तीस बांध घालून, पाणी अडवून, पावसाच्या पाण्याने धुऊन भाताखाली आणली की तिचा खार होतो. गोव्यातील खाजन-शेती हे याच विद्येचे रूप; तेथे पाण्याच्या दारास 'मानस' म्हणतात. रायगडकडील शिलोत्री पद्धतीत या बांधांची राखण कोणी करावी याची व्यवस्था लावलेली होती. पुढे शासनाने हे काम अंगावर घेतले. खारजमिनीसंबंधी १९४८ साली मुंबई राज्याचा व १९७९ साली महाराष्ट्राचा असे कायदे झाले.

आता पेण-अलिबागकडे जो पेच उभा आहे तो असा. बांधास खांड पडते, दुरुस्ती वेळेवर होत नाही, भरतीचे पाणी भातशेतीत शिरते, आणि काही वर्षांत तेथे तिवर उगवते. उच्च न्यायालयाने २००५ साली, व पुढे २०१८ च्या निर्णयाने, कांदळवनांच्या तोडीस राज्यभर बंदी घातली. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ही बंदी अत्यंत आवश्यक होती, याविषयी दुमत नसावे. पण ज्याच्या सातबारावरील शेतात तिवर उगवले, त्या शेतकऱ्यास ती निराळी दिसते. तो म्हणतो, माझा खार गेला. संग्रहालयाचा फलक म्हणतो, कांदळवनाची वाढ झाली. दोन्ही वाक्ये एकाच जमिनीविषयी आहेत व दोन्ही खरी आहेत. प्रेक्षकास यांपैकी एकच ऐकू येते, कारण फलकाच्या भाषेत 'खार' हा शब्दच नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या शिक्षक होतील, काही तलाठी, काही अभियंते; बदलीच्या नोकरीत त्यांतील एखादा कोकणात जाईल. ज्यास खाजण म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यास ती पडीक जमीन वाटेल. ज्यास खार म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यास बांध दुरुस्त करू पाहणारा शेतकरी निसर्गाचा शत्रू वाटेल. दोन्ही चुका प्रामाणिकपणे होतील, आणि त्यांची किंमत दुसराच कोणी मोजील. किनाऱ्याचे शिक्षण देशावरील विद्यार्थ्यास का द्यावयाचे, याचे आमच्या मते हेच सर्वांत भक्कम उत्तर आहे.

६

सर्वत्र निराशाच आहे असे नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सागरी कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. तेथे काचपेटी नाही. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याकडे जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ वाळूतील घरट्यांपाशी जाऊन पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. सांगणारा गावचाच असतो. त्याच्या तोंडी घरटे, अंडी, पिल्लू, वाळू, भरती एवढेच शब्द पुरतात. कासवाच्या जातीचे 'ऑलिव्ह रिडले' हे परकीय नावही त्या वाक्यांत सहज सामावते, कारण त्याच्या आजूबाजूचे सारे शब्द ओळखीचे असतात. परभाषेतील शब्दाने भाषा दुर्बोध होत नाही. दुर्बोध होते ती परकीय वाक्यरचनेने, हा धडा यातून घेता येईल.

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांच्या दर्शनासाठी ऐरोलीहून होणाऱ्या नौकाफेऱ्या लोकप्रिय आहेत. त्यासंबंधी एवढीच सूचना करावीशी वाटते की हाच रोहित हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावरही उतरतो, ही गोष्ट प्रेक्षकास आवर्जून सांगावी. मराठवाड्यातून आलेल्या माणसास त्या क्षणी ती खाडी परकी राहणार नाही.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की शास्त्राची परिभाषा निश्चित व एकरूप हवी; बोलींतील शब्द गावागणिक बदलतात, त्यांवर शास्त्र उभारता येत नाही. आक्षेप रास्त आहे. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे जे कार्य केले, त्याची उपयुक्तता कोणी नाकारू नये. परंतु परिभाषाकोश आणि फलक यांचे कार्य भिन्न आहे. कोशात पारिभाषिक शब्द आधी यावा व स्पष्टीकरण मागून; फलकावर ओळखीचा शब्द आधी यावा व पारिभाषिक शब्द मागून. शब्द वगळावा असे आमचे म्हणणे नाही, क्रम बदलावा असे आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. संग्रहालयाने कोळ्याच्या भाषेत लिहावे की पेडगावच्या? एकास समजेल ते दुसऱ्यास समजेलच असे नाही. 'भांग' म्हटल्याने परभणीच्या वाचकास भरतीचा बोध होणार नाही, उलट भलताच होईल. यावर उत्तर असे की हे दोन वाचक फलकाच्या दोन टोकांना उभे आहेत व फलकाने त्यांची गाठ घालून द्यावयाची आहे. नाव किनाऱ्याचे असावे, स्पष्टीकरण देशावरचे असावे. 'भांग' हा शब्द कोळ्याचा. तो समजाविताना अष्टमीचा आधार घ्यावा. 'तिवर' हे नाव खाडीकाठचे. त्याची मुळे समजाविताना वापसा सांगावा. अशा फलकापुढे उभ्या राहिलेल्या कोळ्यास आपले नाव वाचावयास मिळेल आणि शेतकऱ्यास आपला अनुभव.

या कामी आमच्यासारख्या विभागांचाही दोष आहे, हे मान्य केले पाहिजे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. किनाऱ्यावरील कितीतरी शब्द तीत नोंदले गेले आहेत. त्यानंतर महाराष्ट्र शब्दकोशाने ती नोंद वाढविली. विद्यापीठांतून बोलींचे अभ्यास झाले, त्यांत ध्वनी व रूपे यांची चिकित्सा झाली. पण ते शब्द फलक लिहिणाऱ्याच्या हाती पडतील अशा रूपाने आम्ही दिले नाहीत. शब्द भाषेत असताना ते ठाऊक नसल्यासारखे वागणे, यासच मराठीत वेड पांघरून पेडगावास जाणे म्हणतात, आणि त्या वाटेवर संग्रहालयाबरोबर आम्हीही चाललो आहोत.

शेवटी भूगोलाची एक गोष्ट. पेडगावच्या शिवारात पडलेला पाऊस कोकणच्या समुद्रास मिळत नाही. तो गोदावरीच्या खोऱ्यातला. तेलंगण व आंध्र ओलांडून तो बंगालच्या उपसागरास जातो, आणि गोदावरीच्या मुखाशी काकिनाड्याजवळ कोरिंगा येथे जे वन उभे आहे, त्यास परभणीच्या रानातील गाळही पोचतो. १९७८ साली अभयारण्य झालेले ते मड-वन पाहावयास आमचे विद्यार्थी पुढील वर्षी जाणार आहेत. तत्पूर्वी त्यांनी एक छोटा कोश सिद्ध करावयाचा आहे: डावीकडे किनाऱ्याचा शब्द, उजवीकडे त्याचा पेडगावच्या भाषेतील अर्थ. पहिली नोंद 'भरती' हीच असेल.